साहेबांना विचारावं लागेल

उशी आधी हुंगायची, मग दाबायची. आधी दाबली तर धूळ नाकात जाते आणि खरा वास कळत नाही.

*

रिकामी खोली आणि निवडलेली मेथी. आज विकली नाही तर उद्या तिला किंमत नाही.

*

दोरीच्या मल्लखांबावर मुलगी उलटी लटकते तेव्हा दोरी तिने पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात पकडलेली असते. खालून बघणाऱ्याला वाटतं, ती कशालाच धरून नाही.

*

करोल बागेत गाड्यांची सीट कव्हरं विकणारे लोक फुटपाथच्या कडेला उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतात. पायी येणाऱ्यांकडे ते बघत नाहीत.

*

एका माणसाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

*

सरकारी कार्यालयात फाईल वर जाते. वर म्हणजे नेमकी कुणाकडे, हे खालच्या माणसाला ठाऊक असावं लागत नाही. तो फक्त सांगतो, वर गेली आहे. समोरचा मान डोलावतो आणि घरी जातो.

*

प्रभाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण चंद्रप्रभा, एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाली. तिने लग्न केलं नव्हतं. गाझियाबादला, वैशालीत, ती एकटी राहायची. दिल्लीतल्या मराठी लोकांत ती एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होती. महाराष्ट्रातून कुठलाही ग्रुप येऊ दे, निवृत्त शिक्षकांची सहल, बुद्धिबळाच्या स्पर्धेची मुलं, कुणाचं वऱ्हाड. खिशात पैसे कमी आणि माणसं जास्त असली की लोक आत्याला फोन करायचे. ती त्यांना परवडेल अशा दरात स्वच्छ खोल्या मिळवून द्यायची. स्वतःसाठी काही घ्यायची नाही. अट एकच, ती बोलत असताना कुणी मध्ये तोंड घालायचं नाही.

मी चेतना. गुरुग्राममध्ये ज्या कंपनीत आहे ती हॉटेलांना दर ठरवून देते. खोलीचा भाव कधी चढवायचा, कधी उतरवायचा, हे आमचं सॉफ्टवेअर सांगतं आणि ते बरळत नाही ना, हे मी बघते. प्रत्येक खोलीच्या दराला एक तळ असतो. त्याखाली गेलं की हॉटेलला चादर धुण्याचा खर्चसुद्धा सुटत नाही. आत्याने मिळवलेले दर नेहमी त्या तळाच्या खाली असायचे, आणि चादरी तर धुतलेल्या असायच्या. हे कसं जमतं ते बघायला एका शनिवारी मी तिच्याबरोबर करोल बागेत गेले. तिथून माझी तिच्यावरची भक्ती सुरू झाली.

ती आधी खोल्या बघायची. गीझर चालू करून ठेवायची आणि पाणी तापेपर्यंत मॅनेजरच्या मुलांची चौकशी करायची. उशी हुंगायची. पडद्याची मागची बाजू उलटून बघायची. मग खाली येऊन, चहा अर्धा झाल्यावर, दर विचारायची. मॅनेजर आकडा सांगायचा. आत्या वाद घालायची नाही. चेहरा उतरायचा तिचा, जसं काही तिलाच अपमान सोसावा लागणार आहे.

"मुझे तो ठीक लग रहा है, भाईसाहब. पर साहब से पूछना पड़ेगा."

मग फोन कानाला लावून ती दाराजवळच्या कुंडीपाशी जायची. पाठमोरी. मान खाली. "जी... जी साहब... नहीं, मैंने कहा उनको... जी." परत यायची तेव्हा तिच्याकडे बघून मॅनेजरलाच वाईट वाटायचं.

"साहब नहीं मान रहे."

दर उतरायचा. पुन्हा कुंडी. पुन्हा उतरायचा. शेवटी, मोठ्या ग्रुपला एक खोली मोफत देण्याची जी पद्धत आहे, ती खोलीसुद्धा ती साहेबांसाठी म्हणून मागून घ्यायची. साहेब कधीच यायचे नाहीत. त्या खोलीत ग्रुपच्या बॅगा राहायच्या, नाहीतर ज्याचं पोट बिघडलंय असा एखादा काका.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आत्या, हे साहेब कोण गं?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. तो बंद होता. बॅटरी सकाळीच संपलेली.

"तीस वर्षं माझ्या डोक्यावर कुणीतरी साहेब होता," ती म्हणाली. "प्रत्येक जण माझ्यापेक्षा ढ. निवृत्त झाले तेव्हा म्हटलं, आता आपल्या पसंतीचा एक ठेवू."

"नाव काय त्यांचं?"

"नाव नाही ठेवलं. नाव ठेवलं की माणूस लहान होतो."

*

ती शिकवायची आणि मी शिकायचे. दर शनिवारी मेट्रोत आम्ही साहेबांमध्ये भर घालायचो. साहेबांचे गुडघे दुखतात, म्हणून खोली लिफ्टजवळ हवी. साहेबांना डांबराच्या गोळ्यांचा वास सोसत नाही. साहेब रागावत नाहीत, फक्त गप्प होतात, तेच वाईट. आत्याने हा माणूस असा बेतला होता की मलाही कधीकधी त्याच्या भीतीने ताठ बसावंसं वाटायचं. एखादी चांगली शिवणारी बाई उरलेल्या कापडातून झबलं काढते, तसा तिने तीस वर्षांच्या चिंध्यांमधून हा साहेब काढला होता.

पहिल्यांदा जे झालं ते मला विशेष वाटलंही नाही.

भाटिया म्हणून एक मॅनेजर होते, करोल बागेतच, सीट कव्हरांच्या गल्लीच्या मागे. आत्या कुंडीकडे निघाली तसे ते म्हणाले, "रहने दीजिए मैडम. साहब का फ़ोन सीधा मेरे पास आ गया था. हो गई बात."

आणि त्यांनी दर सांगितला. आत्या मागणार होती त्याहून कमी.

बाहेर येऊन आम्ही पोट धरून हसलो. "खरा गुरू भेटला यार," मी म्हणाले. "तुझा साहेब, आणि तो तुलाच विकतोय!"

"बिल्कुल," आत्या म्हणाली. "शहाणा माणूस आहे." पण तिने रस्ता ओलांडेपर्यंत दोनदा मागे वळून बघितलं.

दुसऱ्या वेळी हॉटेल नोएडाचं होतं. तिथे आम्ही आधी कधीच गेलो नव्हतो. जाताना मेट्रोत मीच गंमत म्हणून एक भर घातली होती. साहेबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून तुला फोनवर ओरडावं लागतं. आत्याला ती फार आवडली. "वा," म्हणाली, "आता मला मोठ्याने भांडता येईल."

रिसेप्शनवरची मुलगी आम्हाला बघून उठून उभी राहिली. "साहब सुबह कमरे देख गए," ती म्हणाली. "दो गीज़र बदलवा दिए उन्होंने. बहुत अच्छे हैं. बस, थोड़ा ज़ोर से बोलना पड़ा." आणि तिने आपल्या डाव्या कानाला बोट लावलं.

मी हिशोबी बाई आहे. त्या संध्याकाळी मी स्वतःला समजावलं, की सकाळी कुणी खरंच खोल्या बघायला आला असेल, म्हातारा असेल, म्हाताऱ्यांना कमीच ऐकू येतं. आणि कान दोनच असतात, त्यामुळे डावा निघण्याची शक्यता निम्मी. हे सगळं बरोबर आहे. आजही बरोबरच वाटतं.

खोल्या मात्र अप्रतिम होत्या. प्रत्येक पलंगाशी वाचायचा दिवा. टेबलावर फुटलेला नाही असा काचेचा तांब्या. आत्या बराच वेळ एका खोलीच्या मधोमध उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मी बघितलं असतं तर मी हेच बदलून घेतलं असतं."

*

मोफतच्या खोलीची चावी.

ही गोष्ट भाटियांकडची. वर्ध्याहून आलेल्या शिक्षकांच्या बॅगा ठेवायला आत्याने चावी मागितली आणि भाटियांनी दिली नाही.

"साहब आराम कर रहे हैं."

"कौन साहब?" आत्याने विचारलं. हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता.

भाटिया हसले. लाजल्यासारखे.

आम्ही वर गेलो. खोली कोपऱ्यात, लिफ्टजवळ. आत बातम्या चालू होत्या, मोठ्या आवाजात. आत्याने दार वाजवलं. आतल्या कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. बंद नाही केला, कमी केला. जसं आपण करतो, बाहेर कोण आहे ते नीट ऐकायला.

दार उघडलं नाही. आत्याने दुसऱ्यांदा वाजवलं नाही.

"खोली दुसऱ्याला विकली त्यानं," मी जिन्यात म्हणाले. "मोफतची खोली परत विकतात, होतं असं. मी रोज बघते."

"चलो," आत्या म्हणाली. "असंच असेल."

त्यानंतर ती मेट्रोत साहेबांबद्दल बोलेनाशी झाली. मी एखादी नवी भर सुचवली की म्हणायची, "नको. पुरे झालं त्यांचं." एकदा वैशालीला तिच्या स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता म्हणाली, "साहेबांना हे पटायचं नाही," आणि सुरी खाली ठेवली.

मी तिला हे सगळं सोडून दे म्हणाले. तिच्या काळजीने, आणि थोडं माझ्यासाठीही. ती लगेच तयार झाली.

"सुजयच्या गावच्या मुली येताहेत," ती म्हणाली. सुजय म्हणजे तिच्या जुन्या ऑफिसातला एक शिपाई, सांगलीकडचा. "मल्लखांबाच्या. त्यांना शब्द दिलाय. त्यांचं पार पडलं की मी साहेबांना सांगते, आता बास."

"कुणाला सांगतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी चिरायला घेतली.

*

जानेवारी. दिल्लीत आठवडाभर ऊन पडलं नव्हतं. सकाळीच आत्याचा फोन आला. "चेतू, आज सुट्टी टाक." इतक्या वर्षांत तिने हे कधी म्हटलं नव्हतं.

निजामुद्दीनला गाडीतून मुली उतरल्या. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे निळे स्वेटर, हातात दोरीचे गुंडाळे. त्यांच्याबरोबर श्रीरंग सर आणि एक बाई. सर तरुण होते, आणि त्यांचा चेहरा असा होता, की वाटेतला प्रत्येक जिना त्यांनी मुली मोजतच उतरला असावा. दुसऱ्या दिवशी मुलींचं प्रात्यक्षिक होतं. गावाने वर्गणी काढून त्यांना पाठवलं होतं. त्यांच्यातली अबोली, सगळ्यात लहान, तिने आत्याला नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, इथं नेहमीच संध्याकाळ असते का?"

ठरलेलं हॉटेल करोल बागेत होतं. तिथे गेलो तर दारात बँडवाले उभे. आमच्या खोल्या वऱ्हाडाला दिल्या होत्या. मॅनेजर हात जोडत होता. "सावा है मैडम, शादी का मुहूर्त. आज तो पूरी दिल्ली की शादी है."

मी फोनवर माझं सॉफ्टवेअर उघडलं. त्याने जे दाखवलं ते असं. एवढ्या मुली मावतील इतक्या खोल्या एका जागी कुठेही नाहीत. सुट्या आहेत, शहरभर विखुरलेल्या, आणि त्यांचे भाव मुलींनी जन्मात ऐकले नसतील असे.

"वेगवेगळं नाही चालणार ताई," श्रीरंग सर म्हणाले. "घरच्यांना शब्द दिलाय. सगळ्या पोरी एका छताखाली. नाहीतर आजच्या गाडीनं परत. एकेकीच्या वडलांच्या पायाला हात लावून सांगितलंय मी."

"माझ्याकडे गुरुग्रामला..." मी म्हणाले, पण माझ्या एका खोलीच्या घरात त्या मावल्या नसत्या, आणि सकाळच्या धुक्यात मैदानापर्यंत पोचल्याही नसत्या.

मुली फुटपाथवर बॅगांवर बसल्या. सीट कव्हरवाले त्यांच्या डोक्यावरून गाड्यांना हात करत होते. आत्याने चार हॉटेलं केली. मी बरोबर होते. ती कुंडीकडे गेली नाही. फोन पर्समधून काढलासुद्धा नाही. साहेबांचं नाव न घेता, साध्या शब्दांत, मुली आहेत, दमल्या आहेत, एवढंच सांगत होती. इतक्या साध्या आत्याला मी कधी पाहिलं नव्हतं. चारही ठिकाणी नाही म्हणाले.

परत आलो तर अबोली झोपली होती, बसल्या बसल्या. श्रीरंग सर परतीच्या गाडीची चौकशी करत होते.

भाटिया मागच्या गल्लीतून चालत आले. पळत नाही, चालत.

"प्रभा मैडम, कब से राह देख रहे हैं. साहब ने कमरे रखवा दिए हैं. सब एक ही मंज़िल पर."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग मुलींकडे.

"उठा गं," ती म्हणाली.

*

तशा खोल्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत. सगळ्या एकाच कॉरिडॉरमध्ये, दारं समोरासमोर. पाणी गरम. बाथरूममध्ये मुलींच्या उंचीला पुरतील असे खाली लावलेले हूक. मी एक उशी हुंगली. उन्हात वाळवलेल्या कापसाचा वास. दिल्लीत आठवडाभर ऊन पडलं नव्हतं.

दर विचारला. भाटियांनी सांगितला. श्रीरंग सर भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे पुसले.

"बस एक बात है," भाटिया म्हणाले. "साहब मैडम से मिलना चाहते हैं. अकेले में. ऊपर."

"ती नाही जाणार," मी म्हणाले.

भाटियांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "जैसी मर्ज़ी. कमरों का क्या करना है, फिर साहब ही बताएँगे."

कॉरिडॉरमध्ये एक मुलगी हसली. नळ वाजला. आत्याने माझ्याकडे कंगवा मागितला. तिने केस नीट केले, पदर सारखा केला. फोन माझ्या हातात ठेवला.

"आत्या, वर कुणी नाहीये. तुलाही माहितीये. तू बनवलंस त्यांना."

"हो ना," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्यांच्या नावावर लोकांना नाही म्हणत आले. आता त्यांनी एकदा बोलावलं तर त्यांनाच नाही कसं म्हणू?"

"घाबरली नाहीस?"

"घाबरलेय की. पण चेतू, माणूस हुशार आहे गं. गीझर बघितलेस ना तू?"

ती गेली.

मी मागोमाग जिन्यात गेले. कुणी अडवलं नाही. जिना अरुंद होता, एकच. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या वळणावर मी थांबले. वर दार वाजलं, उघडलं, मिटलं.

मग आत्याचा आवाज. मोठ्याने. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तसा.

ती भांडत होती. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. तिची नेहमीची चाल. आधी मान्य, मग एक पण, मग गप्प बसणं. दर पाडतानाची.

दुसरा आवाज नव्हता. तरी ती मध्ये मध्ये थांबत होती. ऐकण्याइतकी.

एकदा म्हणाली, हे स्पष्ट ऐकू आलं, "नाही. मुलींचं आधी."

मग बराच वेळ काही नाही.

मग ती हसली.

मी तिला आयुष्यभर ओळखत होते. ते हसणं मी ऐकलं नव्हतं. कुणी तरुण बाई हसते तसं, बरोबरीच्या माणसाशी.

मी वर धावले. दार उघडंच होतं. पलंगावरची चादर ताठ. टीव्ही बंद. खिडकी बंद, आतून कडी. खोलीत थंडी होती आणि डांबराच्या गोळ्यांचा वास अजिबात नव्हता.

मी खाली आले.

"मैडम कह गई हैं, बच्चियों को पहले खाना खिला दीजिए," भाटिया म्हणाले.

"कह गईं? कहाँ गईं?"

"अभी तो निकले," ते म्हणाले. "दोनों."

जिना एकच होता. मी त्यात उभी होते.

*

दुसऱ्या दिवशी मुलींचं प्रात्यक्षिक झालं. मी गेले, कारण आत्या आली तर तिथेच येईल असं वाटलं. अबोली दोरीवर चढली, उलटी झाली आणि दोन्ही हात सोडून दिले. मैदानातली माणसं श्वास रोखून बसली. अशी सुंदर गोष्ट मी फार कमी पाहिली आहे.

नंतर ती धावत आली. "आजी दिसल्या की मला. शेवटच्या रांगेत. उलटी होते तेव्हा."

"एकट्या होत्या?"

"नाही. त्यांच्या कानात बोलत होत्या."

"कुणाच्या?"

अबोलीने खांदे उडवले. "नीट नाही दिसले. आजी त्यांच्या उजव्या बाजूला बसलेल्या."

मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या.

*

मी पोलिसांत गेले. ठाण्यातला माणूस माझी तक्रार लिहून घेत असतानाच त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. तो ऐकत राहिला. मग उठून उभा राहिला, आणि उभ्यानेच बोलला. "जी मैडम. जी, यहीं बैठी हैं. बिल्कुल, मैडम." फोन ठेवून त्याने लिहिलेला कागद फाडला. माझ्यासाठी चहा मागवला.

"आपकी बुआजी तो कमाल की औरत हैं," तो म्हणाला.

पुण्याला बाबांना तिचे फोन येतात. दर वेळी नंबर वेगळा, कुठल्या तरी हॉटेलचा. मी त्या नंबरवर उलट फोन केला की रिसेप्शनवरचा माणूस सांगतो, मॅडम नुकत्याच निघाल्या. बाबांना वाटतं, ताई फिरतेय, बरं झालं, कधी कुठे गेली नव्हती. मी त्यांना काही सांगत नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काय आहे?

लोक आता खोल्यांसाठी मला फोन करतात. आधी मी नाही म्हणायचे. मग एकदा औरंगाबादहून अंध मुलांचा एक ग्रुप आला, गाणाऱ्या मुलांचा. त्यांना नाही म्हणता आलं नाही.

पहाडगंजातलं हॉटेल होतं. मी उशी हुंगली. गीझर चालू केला. मॅनेजरने दर सांगितला. माझा चेहरा आपोआप उतरला, आणि शब्द माझ्या तोंडून कधी गेले ते मला कळलं नाही.

"मुझे तो ठीक लग रहा है. पर बुआ से पूछना पड़ेगा."

मॅनेजरने हात वर केला. "पूछने की ज़रूरत नहीं. मैडम का फ़ोन आ गया था."

त्याने दर सांगितला. आमच्या सॉफ्टवेअरने त्या आकड्याला तांबडा रंग दिला असता. खोल्या सुंदर होत्या. प्रत्येक दाराच्या चौकटीवर, हाताला लागेल अशा उंचीवर, जाड दोऱ्याच्या गाठी बांधल्या होत्या, म्हणजे अंध मुलांना आपापली खोली चाचपून ओळखता येईल. मला हे सुचलं नसतं. आत्याला सुचलं असतं.

मी तिथे उभी राहून त्या गाठींवरून बोटं फिरवली, आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

*

मुली आल्या त्या सकाळी, मला फोन करण्याच्या आधी, ठरलेल्या हॉटेलने खोल्या दिल्या नाहीत हे कुणालाही कळण्याच्या आधी, आत्याने वैशालीच्या दूधवाल्याला सांगितलं होतं, उद्यापासून दूध टाकू नकोस.